खंडेनवमीला फिरवलेलं चाक

लायनर सखारामनं बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. वाक्य एवढंच. आज कागदावर उतरवलं तर ओळसुद्धा भरली नाही. पण लढाईच्या दिवसांपासून ते माझ्या घशाशी अडकून होतं, आणि मी ते बोललो नाही म्हणून कृष्णाकाठच्या एका चांगल्या मिस्त्रीचं नाव बुडालं.

सांगलीत आता गुळाचे दिवस आले आहेत. दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवायच्या आत पेठेत पहिल्या ढेपा येतात. माझं दुकान पेठेकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गाडी कुठल्या गावची हे मला तिच्याकडं न बघता सांगता येतं. नदीकाठच्या काळ्या रानातल्या गुळाला जरा खारट वास असतो. माळावरच्या, विहिरीच्या पाण्यावर आलेल्या उसाचा गूळ कोरडा आणि खमंग. बैल थांबले की पोती उसवतात, वास रस्ताभर होतो, आणि शेजारचे हळदीचे व्यापारीसुद्धा आपली पिवळी बोटं धोतराला पुसून खडा मागायला येतात. लोकांचं मन या वासानं मोकळं होतं. मला मात्र ताकासारखं पांढरं झालेलं इंजिनातलं तेल आठवतं.

मी इंजिनाचा माणूस आहे. चाळिशी ओलांडली, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण इंजिनाचा आवाज त्या कानालाही चुकत नाही. थंडीत सकाळी घाटावर उभं राहावं. पाण्यावरून धुकं सरकत असतं, आणि पलीकडच्या मळ्यांतून एकेक इंजिन बोलायला लागतं. कुणाचं खोकतं, कुणाचं नाकात बोलतं. एखादं असं ठाम, एका लयीत चालतं की ऐकणाऱ्याचा श्वास त्याच्या चालीनं पडू लागतो. त्या इंजिनाच्या पोटात सगळं जागच्या जागी बसलेलं आहे हे मी इकडच्या काठावरून सांगू शकतो. यात गर्व नाही. हयातभर एकच काम केलं तर एवढं यायलाच पाहिजे.

त्या वर्षी भूपालअण्णांचं इंजिन आमच्याकडं उघडायला आलं. म्हणजे इंजिन आलं नाही, आम्हीच गेलो; तेवढं धूड उचलून आणतंय कोण. अण्णा सांगलीपासून थोड्या अंतरावर नदीकाठी राहणारे जैन शेतकरी. ऊस भरपूर, बोलणं तिखट, मन मोठं. त्यांचं दोन सिलिंडरचं उभं विलायती इंजिन पावसाळ्यानंतर नदीचं पाणी उचलायचं आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळात उसाचा चरक फिरवायचं. दोन्ही सिलिंडरांतले लायनर झिजले होते. लायनर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसवलेली ओतीव नळी. आत पिस्टन खाली-वर करतो, बाहेरून गार पाणी खेळतं. नळीच्या वरच्या काठाला कॉलर असते, ती इंजिनाच्या धडातल्या, म्हणजे ब्लॉकमधल्या, खाचेत बसते. या खाचेला आम्ही बैठक म्हणतो. वरून तांब्याची गॅस्केट, तिच्यावर हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, आणि हेडचे नट आवळले की लायनर जागेवर जखडला जातो. आत आग, बाहेर पाणी, आणि दोघांमध्ये तेवढी एक बैठक.

दुसरी मोठी लढाई चालू होती. विलायतेहून नटसुद्धा येत नव्हता. नवे लायनर आम्ही ओतून आणि तासून घेतले. खालच्या बाजूनं पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या लॉरीच्या जुन्या ट्यूबमधून कापल्या. गॅस्केट नवी मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून जुनीच गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, चुलवाणात, घालून लाल केली आणि पाण्याच्या बादलीत विझवली. लोखंड असं विझवलं तर कडक होतं. तांबं मऊ होतं. मऊ झालेलं तांबं पुन्हा दाबाखाली पसरतं, फटी भरतं. बादलीतून वाफ उठली की तिला एक आंबूस वास यायचा. अजून माझ्या दुकानात गॅस्केट विझते तेव्हा तोच वास येतो, आणि मला अण्णांचं अंगण दिसतं.

हे सगळं काम आम्ही दोघांनी केलं, मी आणि सखारामनं. सखाराम मेढ्याच्या वरच्या अंगाचा, जावळीतला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. काही वर्षं माझ्याकडं राहून काम शिकला आणि मग माझ्या बरोबरीनं करू लागला. बैठक घासावी तर त्यानंच. तेलात कालवलेला शेंदूर तो कॉलरच्या खालच्या अंगाला बोटानं पातळ लावायचा, लायनर बैठकीत सोडून जरा फिरवायचा आणि वर काढायचा. बैठकीवर जिथं शेंदूर उठला तो उंचवटा. तिथं घासणी फिरवायची. पुन्हा शेंदूर, पुन्हा घासणी. शेवटी बैठकीवर शेंदराचं अखंड वर्तुळ उठेपर्यंत हा माणूस वाकलेला. अण्णा येऊन बघत राहायचे.

"एवढा शेंदूर हितंच लावताय," एकदा ते म्हणाले, "मारुतीला काय ठिवलाय का न्हाई?"

"मारुती पाणी गळत न्हाई, अण्णा," सखाराम मान वर न करता म्हणाला. "ह्ये गळतंय."

अण्णा खूश झाले. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, की या हंगामात गुऱ्हाळाच्या इंजिनावर सखारामच राहील, आणि इंजिन नीट चाललं तर काठावरच्या सगळ्या मळेवाल्यांना ते स्वतः त्याचं नाव सांगतील. सखारामला स्वतःचं दुकान घालायचं होतं हे मला ठाऊक होतं. मेढ्याकडं बायको आणि म्हातारी आई होती. त्यांना सांगलीला आणायचं होतं. या सगळ्याला त्या एका इंजिनाचा आधार होता. मला वाईट वाटलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. थोडं वाटलं होतं.

दोन्ही लायनर बसवून झाले तो नवरात्रातला आठवा दिवस. सखारामनं मला जवळ बोलावलं.

"दादा, नख फिरवा."

ब्लॉकच्या तोंडावरून कॉलरकडं मी नख ओढलं. नख अडलं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी कॉलर वर होती, चारी बाजूंनी सारखी. तेवढीच पाहिजे. कमी पडली तर हेड तिला दाबत नाही, जास्त झाली तर तडा जातो.

आईच्या नवरात्राचे उपास सुटायचे म्हणून तो त्याच दुपारी गावाला निघाला. जाताना म्हणाला, "पट्ट्या तेवढ्या लावून घ्या, दादा. तवर चाकाला हात लावू नगा."

हेड काढलेलं असताना लायनरला वरून धरणारं काही नसतं. अशा वेळी चाक फिरवलं तर वर येणारा पिस्टन लायनरला आपल्याबरोबर उचलतो. म्हणून आधी कॉलरवर लोखंडी पट्ट्या टाकून त्या बोल्टांनी जखडायच्या. हे मीच त्याला शिकवलं होतं.

"मला शिकवतोस व्हय रं?" मी म्हणालो.

"शिकवत न्हाई. सांगून ठिवतोय."

बोलणं हसण्यावारी गेलं, पण ते मला टोचलं. पट्ट्या लावायला फार वेळ लागला नसता. दिवस मात्र कलायला आला होता, आणि अण्णांच्या घरी सूर्य मावळायच्या आत ताटं मांडली जात. पाहुण्याला, गड्याला, मिस्त्रीला, सगळ्यांना एकच नियम. हाक आली. गरम भाकरी आणि दोडक्याची भाजी होती. पट्ट्या सकाळी लावू, असं म्हणून मी हात धुतले.

सकाळी उठून बघतो तर हत्यारं जागेवर नाहीत. खंडेनवमी. अण्णांच्या आईनं, अव्वांनी, पहाटेच माझे पाने, हातोडे, घासण्या, सगळं गोळा करून धुतलं होतं. तेलाचा डागसुद्धा ठेवला नव्हता. पाटावर केळीचं पान, पानावर माझी हत्यारं ओळीनं, प्रत्येकावर झेंडूचं फूल. माझा हातोडा इतका देखणा मी कधी पाहिला नव्हता. आमच्या धंद्यात या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. ते वर्षभर आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला बसू द्यायचं. मी ही रीत पाळत आलो, आजही पाळतो. त्या दिवशी पट्ट्या राहिल्या म्हणून तिच्याआड लपलो, एवढंच.

पूजा इंजिनाच्या खोलीत झाली. नांगर, कोयते, विळे भिंतीला टेकवलेले, मधे उघडं इंजिन, त्याच्या मोठ्या चाकाला ऊस बांधलेला. गूळ करणारा गुळव्या आला होता, गडी आले होते, बायका आल्या होत्या. नारळ फुटला. अव्वांनी चाकाला हळदकुंकू लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आता फिरवा की येक फेरा."

"इंजिन उघडं हाय, अव्वा," अण्णा म्हणाले.

"उघडं असू दे न्हाईतर झाकल्यालं. चाक हलल्याबिगर कसली पूजा? वरसभर फिरायचं हाय त्येला."

मी म्हणालो, "आज राहू दे अव्वा. उद्या फिरवू."

तेव्हा गुळव्या मागून बोलला, "मिस्त्री भ्यालं वाटतं. जावळीवाल्याला इचारल्याबिगर हात लावत न्हाईत."

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं, सणाचं हसणं होतं. मी उठलो आणि चाक धरलं.

चाक जड असतं, पण एकदा हललं की स्वतःच्या वजनानं पुढं जातं. पुढच्या सिलिंडरातला पिस्टन वर येऊ लागला आणि त्याच्याबरोबर लायनर उचलला गेला. हळू, मुकाट्यानं, हिरडीतून दात सुटावा तसा. कॉलरखाली बोटभर अंधारी फट दिसली. नेमक्या त्याच वेळी बायकांनी अक्षता टाकल्या. कुंकू लावलेले तांदूळ ब्लॉकवर टपटप उडाले. मी चाक सोडलं, तिथं पडलेली फळी लायनरवर ठेवली आणि अंगाचा सगळा भार घालून दाबली. लायनर खाली गेला. लोकांना ते पूजेतलंच काहीतरी वाटलं. कुणीतरी फळीवर झेंडू टाकला.

नीट बसलेल्या लायनरचा बसताना एक भरीव आवाज होतो. तो आला नाही. मी ऐकलं होतं. या कानांनी नदीपलीकडचं ऐकू येतं म्हणतो मी. हातभर अंतरावरचं मला चांगलं ऐकू आलं होतं.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटली, गळाभेटी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलरवरून नख फिरवलं. एका अंगाला ते जास्त अडलं. अशा वेळी काय करायचं हे मला पाठ होतं: लायनर ओढून काढायचा, बैठक पुसायची, रबरी कडी तपासायची, पुन्हा बसवायचा. दिवसभराचं काम. पण सखाराम संध्याकाळपर्यंत येणार होता, आणि उघडा लायनर बघून तो विचारणार होता. मी स्वतःला सांगितलं, नट आवळले की आपोआप दबेल. गॅस्केट ठेवली, हेड चढवलं, नट आवळले. दबलाही. सखाराम आला तेव्हा इंजिन मिटलेलं होतं.

"पट्ट्या काढताना त्रास न्हाई ना झाला?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळ पेटलं. ज्यानं गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्याला हे कसं सांगावं? काहिलीत रस चढतो, मळी वर येते, गुळव्या भेंडीचं पाणी मारतो, फेस सोनेरी होत जातो. चिपाडांचा जाळ चुलवाणात घुमतो. पोरं काकवीसाठी वाट्या घेऊन येतात आणि शिव्या खाऊन, वाट्या भरून परत जातात. आणि या सगळ्याखाली इंजिनाचा ठेका. सखाराम इंजिनापाशी मांडी घालून बसायचा, एक हात ब्लॉकवर ठेवून, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. पहिले काही दिवस सगळं उत्तम चाललं. मी दोनदा बघायला गेलो. दोन्ही वेळा अण्णांनी मला गरम गूळ खायला दिला, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की आपण उगाच घाबरलो.

मग निरोप आला. मी पोचलो तेव्हा गुऱ्हाळ गप्प होतं. थांबलेल्या गुऱ्हाळासारखं भकास दुसरं काही नसतं. उसाच्या गाड्या बांधापर्यंत लागलेल्या, बैल सोडलेले, हौदातला रस आंबू लागलेला, त्यावर माश्या. इंजिनाच्या पाण्याला बुडबुडे आले होते, मग इंजिन अडखळलं, मग बंद पडलं. सखारामनं खालचा नट सोडला आणि तेल बाहेर आलं, पांढरं, दाट. पाणी आत शिरलं होतं.

अण्णा चुलवाणापाशी उभे होते. सगळे जमले होते.

"लायनर कुणी बसवला?"

"म्या बसवला," सखाराम म्हणाला. "पर बैठक बरुबर हुती, अण्णा."

"बरुबर हुती तर पाणी काय आभाळातनं आलं? आरं, नाचणी खाऊन डोंगरात हिंडणारा तू, नांगूर तरी नीट धरता येतो का? आन् म्या तुझ्या हातात इंजिन दिलं!"

रागातलं बोलणं. अण्णा उद्या विसरले असते. पण ते माझ्याकडं वळले. "दत्तोबा, तुमी सांगा. तुमचं काय म्हननं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. गुळव्या होता, अव्वा दारात होत्या. चाक मी फिरवताना यांतल्या निम्म्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ एकालाही ठाऊक नव्हता. तिथं तो फक्त मला ठाऊक होता.

"बैठक जरा कच्ची राहिली असेल," मी म्हणालो.

सखाराम माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो आठवत होता. मला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "दादा, पट्ट्या लावल्या हुत्या न्हवं?"

"लावल्या होत्या."

"मग माझंच चुकलं असंल," तो म्हणाला, आणि आपल्या हातांकडं बघितलं.

त्यानं आपली हत्यारं गोणपाटात बांधली. माझा एक पाना त्यात गेला होता, तो काढून परत ठेवला. बांधावरून तो गेला तेव्हा गाडीवाल्यांपैकी कुणीतरी मागून काहीतरी बोललं आणि हशा झाला.

इंजिन मी एकट्यानं उघडलं. लायनर ओढून काढला. बैठकीवर एका अंगाला तांदळाचा पांढरा लगदा चिकटला होता, गॅसनं कडा करपलेल्या. नटांच्या दाबानं दाणे चिरडले होते, त्यावर लायनर टेकला होता. पाण्यानं लगदा मऊ झाला, लायनर खाली घसरला आणि गॅस्केटची पकड सुटली. खालची रबरी कडीही पिळली गेली होती. बाकीच्या बैठकीवर सखारामनं उठवलेला शेंदूर तसाच होता, अखंड, एखाद्या कंकणासारखा. मी चिंधी घेतली आणि तो लगदा पुसला. मग चिंधी चुलवाणात टाकली.

माझं सगळ्यात वाईट काम कुठलं, असं कुणी विचारलं तर चाक फिरवणं नाही, अण्णांपुढं बोललेलं वाक्यही नाही. ती चिंधी.

कडी बदलून लायनर पुन्हा बसवला. मला काहीच घासावं लागलं नाही. बैठक तयारच होती. ते इंजिन गुढीपाडव्यापर्यंत एकदाही अडलं नाही. हंगाम संपल्यावर अण्णांनी मला फेटा बांधला, ढेप दिली आणि काठावरच्या मळेवाल्यांना नाव सांगितलं, माझं. आज माझ्या दुकानात जी इंजिनं येतात त्यांतली कितीतरी तेव्हापासूनची आहेत. मी ती मन लावून दुरुस्त केली. कुणी म्हणेल, अपराधाच्या भावनेनं माणूस मऊ होतो. मी झालो नाही. हाताखालच्या माणसांवर मी पट्ट्यांवरून इतका ओरडायचो की ते मला मागं चिडवायचे. वरून कडक आणि आत पाणी शिरलेला, असा मी इतकी वर्षं चाललो. बाहेरून ठेका मात्र सुरेख.

या वर्षी पाऊस ओसरल्यावर मला कोरेगावाहून बोलावणं आलं. तिथल्या एका बागायतदाराच्या विहिरीवरचं इंजिन नादुरुस्त होतं. मिरजेहून आगगाडीनं गेलो. काम करता करता मी म्हणालो, इथं गावात कुणी नाही का, एवढ्या लांबून मला का बोलावलंत?

"हाय की," बागायतदार म्हणाला. "बाजारात बसतो. शेगड्या, कंदील दुरुस्त करतो, गाडीचे आस बसवतो. हात सोन्याचा गड्याचा. पर इंजिनाला शिवत न्हाई. म्हनतो, माझा हात इंजिनाला लाभत न्हाई."

"नाव काय?"

त्यानं नाव सांगायच्या आधीच मला ते कळलं होतं.

मला तोवर वाटायचं, मी सखारामचं गिऱ्हाईक घेतलं, नाव घेतलं. ते परत मिळवता येतं. मिळवलं असेल त्यानं कुठंतरी, असंही मी धरून चाललो होतो. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसाच आपण नेला, हे मला त्या विहिरीवर, दुसऱ्याच्या इंजिनात हात घातलेला असताना कळलं. हात तसाच बाहेर काढला आणि पुसतसुद्धा न बसता बाजारात गेलो.

सखाराम पोत्यावर बसून स्टोव्हला वात घालत होता. कानशिलावर केस पांढरे झाले होते. मला बघून उठला.

"दादा! आवं, कवा आलासा? च्या घेणार?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्ट्या, चाक, अक्षता, चिंधी. काही राखून ठेवलं नाही. तो ऐकत होता, स्टोव्ह हातात तसाच. मी संपल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली ती अशी:

"आन् माझी बैठक?"

"लख्ख होती. शेंदूर सगळीकडं उठलेला होता. मी नुसता लायनर ठेवला त्यावर. ते इंजिन अजून तुझ्याच बैठकीवर चालतंय."

तो खाली बसला. त्याला हसू आलं. "तांदूळ!" तो म्हणाला. "आन् म्या हिकडं रोज हाताकडं बघतोय, कुठं थरथरतोय का म्हून." मग हसू गेलं. मी त्याच्या पायाशी वाकायला लागलो तसा त्यानं माझा दंड धरला, घट्ट, दुखेल असा.

"हितं नगं, दादा. हितं मला कोण ओळखत न्हाई. जितं बोललासा, तितं जाऊन सांगा."

"चल माझ्याबरोबर."

"म्या न्हाई यायचा. म्या आलो तर तुमी माझ्या तोंडाकडं बघून बोलशिला. तुमचं तुमी बोला. मग मला अण्णांनी बोलवायचं का न्हाई, त्ये अण्णा बघतील."

आणि त्यानं मला चहा पाजला. चांगला होता.

परवा अण्णांच्या गुऱ्हाळात रसाचं पहिलं आदण लागलं. अण्णा आता काठी घेऊन चालतात, बोलणं मात्र तेवढंच तिखट. गुळव्या तोच आहे, अव्वा खाटेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडतात. गाड्या लागलेल्या, गडी, शेजारचे मळेवाले, पोरंबाळं. मी इंजिनापाशी गेलो, ब्लॉकवर हात ठेवला. उत्तम चाललं होतं. मग मी ते बंद केलं.

"आवं दत्तोबा!" अण्णा ओरडले. "आदण चढलंय! येड लागलं का काय?"

"मिस्त्री म्हातारं झालं," गुळव्या म्हणाला. "आता कळ बी चुकतंय."

हशा झाला. मी तो संपू दिला. चरक थांबला, जाळाचा आवाज तेवढा राहिला. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो:

"अण्णा, लढाईच्या साली हे इंजिन बंद पडलं तेव्हा सखारामची बैठक बरोबर होती. त्यानं मला पट्ट्या लावायला सांगितलं होतं, मी लावल्या नाहीत. खंडेनवमीला चाक मी फिरवलं, लायनर मी उचलला, तांदूळ त्याच्याखाली माझ्यामुळं गेले, आणि उघडल्यावर ते मी पुसून टाकले. तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी तुमच्या सगळ्यांपुढं खोटं बोललो. त्याच्या नावाचा फेटा मी बांधून घेतला. सखारामची माफी मी कोरेगावात जाऊन मागितली. त्यानं मला इथं पाठवलं. आता तुमची मागतो. इतका चांगला मिस्त्री मी तुमच्यापासून तोडला. मला माफ करा."